अर्पणाची थैली

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये रविवार हा सर्वांच्या सुटीचा दिवस नसतो. मागणीच्या दिवसांत जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांतील यंत्रे रविवारीही चालतात, बाजार उघडा असतो आणि अंबरनाथच्या दिशेने जाणाऱ्या रिक्षांची वर्दळ थांबत नाही. याच गल्ल्यांत, कोठे एखाद्या दुकानाच्या माळ्यावर, कोठे भाड्याच्या सभागृहात, तर कोठे राहत्या घराच्या पुढल्या खोलीत सकाळी ख्रिस्ती उपासना चालू असते. गीत सुरू असताना कापडाची एक थैली रांगेरांगेने फिरू लागते. कोणी बंद पाकीट टाकतो, कोणी घडी केलेली नोट. आईने हातात दिलेले नाणे एखादे मूल टाचा उंचावून टाकते. थैली पुढे नेली जाते, मंडळी उभी राहते आणि पाळक त्या पैशांवर प्रार्थना करतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही वर्गणी वाटेल. देणाऱ्यांच्या समजुतीप्रमाणे मात्र हे देणे गायन, वाचन आणि प्रार्थना यांच्याच पंक्तीत बसणारे कृत्य आहे. ती उपासनाच आहे.

ही समजूत नवी नाही आणि भाबडीही नाही. प्राचीन अथेन्समध्ये धनिक नागरिकाने स्वखर्चाने करावयाच्या सार्वजनिक सेवेला एक शब्द होता: लेइतुर्गिया. कोणी युद्धनौका सुसज्ज करून द्यावी, कोणी उत्सवातील गायकवृंदाचा खर्च उचलावा, असे तिचे स्वरूप असे. पुढे चर्चच्या उपासनाविधीला युरोपीय भाषांत जे नाव रूढ झाले ते याच शब्दापासून. प्रेषित पौलाने यरुशलेममधील गरीब श्रद्धावंतांसाठी ग्रीक शहरांतून निधी जमविला, तेव्हा करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याने त्या निधीसाठी हाच शब्द वापरला आहे. म्हणजे देवापुढील सेवा आणि दूरच्या उपाशी माणसासाठी काढून ठेवलेला पैसा यांना तो एकच नाव देतो. त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे प्रवचनकारांचे लक्ष सहसा जात नाही. एवढी मोठी रक्कम आपण एकट्याने नेली तर लोक बोट दाखवतील, हे ओळखून पौलाने मंडळ्यांनी निवडलेली विश्वासू माणसे बरोबर घेतली. हिशेबतपासनिसाची गरज पहिल्याच शतकात मान्य झाली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन हुतात्मा याने रोमन सम्राटास उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडणारा जो ग्रंथ लिहिला, त्यात रविवारच्या उपासनेचे वर्णन आहे. ऐपत असलेला व इच्छा असलेला प्रत्येक जण आपल्या मनाप्रमाणे देतो, जमलेले सारे मंडळीच्या प्रमुखाकडे ठेवले जाते आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावाहून आलेले यांची सोय पाहिली जाते, असा त्याचा आशय. इमारतीचा उल्लेख त्या यादीत नाही. ध्वनिक्षेपकाचा तर नाहीच.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या बाबतीत या प्रश्नाला एक वेगळी, दुखरी बाजू आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत 1813 साली आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे 1831 साली सुरू झाले. शाळा, दवाखाने, शिक्षकांचे व पाळकांचे पगार यांचा मोठा भार परदेशी वर्गणीदारांवर होता. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनामागेही 1887 साली बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनची मदत होती. 1876 ते 1878 च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यातील खेड्यांत दलित कुटुंबे मोठ्या संख्येने ख्रिस्ती मंडळ्यांत आली आणि तेव्हापासून एक आरोप त्या समाजाला चिकटला तो आजही सुटलेला नाही: ही माणसे पोटासाठी गेली, त्यांनी धान्यासाठी धर्म बदलला. या आरोपाला उत्तर म्हणून धर्मशास्त्रीय युक्तिवाद पुष्कळ झाले. खरे उत्तर त्या मंडळ्यांच्या सुगीच्या सणात होते.

बलुतेदारीच्या व्यवस्थेत महाराचे श्रम गावाच्या हक्काचे होते आणि त्याबद्दल मिळणारे धान्य मात्र गावाच्या मेहेरबानीसारखे त्याच्या पदरात पडे. पिढ्यान्‌पिढ्या तो हात घेण्यासाठीच पुढे झाला होता. अशा घरातील बाई सणाच्या दिवशी ज्वारीची कणसे, बाजरीचे पायलीभर दाणे, एखादी कोंबडी किंवा चार अंडी घेऊन उपासनेला येते आणि ती वस्तू वेदीपुढे ठेवते, तेव्हा तिच्या घराच्या अर्थव्यवहारात काहीतरी मुळापासून बदललेले असते. मागाहून त्या वस्तूंचा लिलाव होतो. चार अंड्यांना बाजारभावाच्या कित्येक पट किंमत येते, घेणारा ती पुन्हा लिलावात देऊन टाकतो आणि हशा पिकतो. मागणी-पुरवठ्याचे नियम शिकविणाऱ्या शिक्षकाला या लिलावाचे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने दानावरील आपल्या 1925 सालच्या निबंधात दाखवून दिले होते की, देणाऱ्याची प्रतिष्ठा वाढते आणि ज्याला परत देता येत नाही तो खालच्या पायरीवर राहतो. त्या चार अंड्यांनी ती पायरी ओलांडली जात होती.

ही गोष्ट सर्वांत तीव्रतेने जाणणारा मराठी ख्रिस्ती माणूस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने परदेशी पैशावर पोसलेली मंडळी कधी स्वतःच्या पायांवर उभी राहणार, हा प्रश्न पुनःपुन्हा मांडला आणि अखेर 1917 साली मिशनशी असलेले पगारी नातेच सोडून दिले. ‘देवाचा दरबार’ हा त्यांचा प्रयोग 1919 मधील त्यांच्या मृत्यूमुळे अपुरा राहिला. त्यांच्या दातृत्वाची दुसरी बाजू पाहावयाची तर लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ उघडावी. घरात आलेले पैसे टिळक ज्या सहजतेने दुसऱ्याच्या हातावर ठेवीत, त्या सहजतेची किंमत स्वयंपाकघरात कोण मोजत होते, हे त्या पुस्तकात हसत हसत सांगितले आहे. दान देणारा एक आणि त्याची झळ सोसणारा दुसरा, ही स्थिती अनेक घरांत असते. कुटुंबाच्या मिळकतीतून जे अर्पण होते त्यात कुटुंबातील सर्वांची संमती असावी, ही अपेक्षा धर्मविरोधी मानण्याचे कारण नाही.

आता पुन्हा कॅम्प पाचकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. 1949 साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले, तरी पत्त्यातील ‘कॅम्प’ हा शब्द मात्र गेला नाही. रिकाम्या हाताने आलेल्या माणसांनी व्यापारातून हे शहर उभे केले. त्यांच्यातील नानकपंथी घरांना मिळकतीचा दहावा भाग बाजूला काढण्याची कल्पना परकी नव्हती. दसवंध हा शब्द तेथे आजी-आजोबांपासून चालत आला आहे. दरबारांतील लंगर आणि झुलेलालच्या चालिहा व्रताच्या दिवसांत होणारा दानधर्म या शहराच्या अंगवळणी पडलेला आहे. ख्रिस्ती मंडळ्यांतील ‘दशमांश’ हा शब्द या जमिनीत पडला तो अशा रीतीने तयार जमिनीत पडला. या मंडळ्यांत कारखान्यांतील नोकरीसाठी केरळ व तमिळनाडूतून आलेल्यांची मुले-नातवंडे आहेत, मराठवाडा व नगरकडील मराठी कुटुंबे आहेत, आणि अलीकडे काही सिंधी कुटुंबेही आहेत. शेवटच्या गोष्टीवरून शहरात वाद होतात. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की, पैसा वाटून माणसे गोळा केली जातात असा आक्षेप घेणाऱ्यांनी रविवारी थैली कोणत्या दिशेने फिरते हे एकदा पाहावे.

प्रश्न उभा राहतो तो याच्या पुढे. दशमांश म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा. महिना पंधरा हजार मिळविणाऱ्या शिलाई कामगाराचे दीड हजार आणि दीड लाख मिळविणाऱ्या व्यापाऱ्याचे पंधरा हजार. गणित दोघांना सारखेच लागू होते; त्याग सारखा होत नाही. पहिल्याच्या दीड हजारांत मुलाच्या शाळेची फी असते किंवा खोलीच्या भाड्याचा हप्ता असतो. दुसऱ्याच्या पंधरा हजारांत त्याच्या जेवणातील एक पदार्थही कमी होत नाही. मिळकत वाढते तसतशी वाढीव रुपयाची उपयुक्तता घटते, हे बारावीचा विद्यार्थीही सांगेल. जीन्सच्या धंद्यात तर मिळकतही निश्चित नाही. तुकड्यावर मजुरी, मंदीत घरी बसणे, आणि 2010 नंतरच्या दशकात वालधुनी नदीच्या प्रदूषणापायी कपडे धुण्याच्या कारखान्यांवर आलेले गंडांतर. प्रदूषण थांबावयास हवेच होते, पण तेव्हा रोजगार गेला तो नदीत पाणी सोडण्याचा निर्णय ज्यांनी कधी घेतला नव्हता अशांचा.

अशा कामगाराला दहा टक्क्यांचा नियम सांगताना जुन्या कराराचा आधार घेतला जातो. तो आधार नीट वाचला पाहिजे. मोशेच्या नियमशास्त्रात दशमांशाचा उल्लेख येतो तो धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा आणि गुराढोरांचा. ती शेताच्या आणि कळपाच्या धन्यावरील जबाबदारी होती. अनुवाद या ग्रंथातील व्यवस्थेप्रमाणे दर तिसऱ्या वर्षी हा हिस्सा गावातच साठवून लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ठेवावयाचा असे. रोजंदारीवर राबणाऱ्याचा उल्लेखही त्याच ग्रंथात आहे, पण तो त्याने काय द्यावे हे सांगण्यासाठी नाही. सूर्य मावळण्यापूर्वी त्याची मजुरी चुकती करावी, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला आहे, असे तेथे धन्याला बजावले आहे. म्हणून कॅम्प पाचमध्ये दशमांशावर प्रवचन करावयाचे असेल तर समोर बसलेल्या कारखानदाराला आधी विचारले पाहिजे की, शनिवारी मजुरी चुकती झाली काय. कामगारांचे दोन आठवड्यांचे पैसे अडकवून ठेवणाऱ्याने वेदीवर ठेवलेले जाड पाकीट कोणत्या हिशेबाने उपासना ठरते, हे सांगणे कठीण आहे. येशूने पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशमांश काटेकोरपणे देणाऱ्या पण न्याय आणि दया विसरणाऱ्या धर्मगुरूंवर जी टीका केली ती याच जातीची होती.

युरोपात दशमांशाचा कर झाला तेव्हा त्यातील उपासना उडून गेली. फ्रान्समध्ये क्रांतीच्या पहिल्याच वर्षी, 1789 साली, तो रद्द करावा लागला. इंग्लंडमध्ये 1836 च्या कायद्याने धान्यरूपी दशमांशाचे रोख रकमेत रूपांतर झाले आणि तरीही शंभर वर्षे शेतकऱ्यांची कटकट चालू राहिली. जर्मनीत आजही सरकार चर्चसाठी कर गोळा करते. प्राप्तिकराच्या आठ किंवा नऊ टक्के इतका तो असतो आणि तो टाळण्यासाठी माणसे रीतसर चर्चचे सभासदत्व सोडतात. सक्तीने थैली भरते, पण बाके रिकामी होतात.

भारतात अशी सक्ती नाही. सर्वसाधारणपणे विशिष्ट धर्मसमाजापुरत्या असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात सवलतही मिळत नाही. म्हणजे थैलीत पडणारा रुपया कर चुकविण्यासाठी आलेला नसतो, ही जमेची बाजू. परंतु सक्तीची जागा येथे दुसरी गोष्ट घेऊ पाहत आहे, आणि ती म्हणजे परताव्याचे आश्वासन. देवाला द्या, तो अनेक पटींनी परत करील. अर्पण म्हणजे बी, पेराल तर कापणी कराल. अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स या प्रवचनकाराने लोकप्रिय केलेली ही कल्पना दूरचित्रवाणीवरून आणि आता भ्रमणध्वनीवरून घरोघर पोहोचली आहे. व्यापारी शहरात ती चटकन पटते. भिशी, व्याज, हप्ता यांची भाषा ज्याला रोज बोलावी लागते, त्याला देवाशी होणारा व्यवहारही त्याच भाषेत समजतो. परंतु परताव्याच्या अपेक्षेने गुंतविलेल्या पैशाला अर्थशास्त्रात गुंतवणूक म्हणतात. तिला अर्पण म्हणण्याची प्रथा कोणत्याही शास्त्रात नाही.

या आश्वासनाला पुरावा म्हणून साक्षी दिल्या जातात. दुकान चालले, कर्ज फिटले, मुलाला नोकरी लागली, असे सांगणारे एकेक जण पुढे येतात. त्यांच्या सांगण्यावर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही. मात्र ज्याने तितकेच दिले आणि ज्याचे दुकान तरीही बुडाले, तो ध्वनिक्षेपकापाशी येत नाही. तो मागच्या बाकावर बसून आपल्या श्रद्धेत कोठे खोट राहिली याचा शोध घेत असतो. नमुना निवडण्यातील दोषाचे याहून क्रूर उदाहरण संख्याशास्त्राच्या वर्गात देता येणार नाही. तोटा झालाच, वर तो आपल्या पापाने झाला असे मानावे लागले.

याबाबत पाळकांनाच दोष देऊन मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. ॲडम स्मिथने 1776 सालच्या आपल्या ग्रंथात असे निरीक्षण नोंदविले होते की, अनुयायांच्या स्वेच्छेने मिळणाऱ्या वर्गणीवर जगणारे धर्मोपदेशक सरकारी वेतनावरील उपदेशकांपेक्षा अधिक उत्साही असतात. त्याचा मित्र डेव्हिड ह्यूम याला या उत्साहाचीच भीती वाटत होती. गिऱ्हाईक टिकविण्यासाठी प्रत्येक उपदेशक अधिकाधिक चमत्कारिक गोष्टी सांगू लागेल, त्यापेक्षा त्यांना निश्चित वेतन देऊन स्वस्थ बसविणे बरे, असे त्याचे म्हणणे. एखाद्या बिशपच्या किंवा धर्मप्रांताच्या छत्राखाली नसलेल्या लहान मंडळीच्या पाळकाची स्थिती दोघांनाही ओळखता आली असती. सभागृहाचे भाडे, घरचा किराणा आणि मुलांचे शिक्षण हे सारे त्या रविवारच्या थैलीवर अवलंबून असते. पाऊस मोठा झाला, लोक आले नाहीत, की त्याच्या घरातही चणचण. अशा माणसाकडून सौम्य आणि निरपेक्ष प्रवचनाची अपेक्षा करावयाची तर मंडळीने त्याचे मानधन आधी ठरवून द्यावे, आणि ते सर्वांना माहीत असावे.

गरीब विधवेची गोष्ट येथे हटकून सांगितली जाते. मंदिराच्या दानपेटीत श्रीमंतांनी पुष्कळ टाकले, तिने दोन टोल्या टाकल्या, आणि येशू म्हणाला की सर्वांत अधिक हिनेच दिले, कारण तिच्याजवळ तेवढेच होते. दान मोजताना रकमेपेक्षा देणाऱ्याजवळ काय उरले ते पाहावे, हे तत्त्व कोणत्याही करसुधारणा समितीने आदराने वाचावे असे आहे. पण मार्कच्या शुभवर्तमानात या प्रसंगाच्या लगेच आधीचे वाक्य विधवांची घरे गिळणाऱ्या आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांबद्दल आहे, आणि लगेच पुढचा प्रसंग त्या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असे भाकीत करणारा आहे. दोन्ही बाजूंना ही वाक्ये ठेवून गोष्ट वाचली म्हणजे तिच्यातील कौतुकाबरोबर संतापही ऐकू येतो. ती विधवा थोर होती, यात शंका नाही. तिच्याजवळची शेवटची नाणी ज्या व्यवस्थेने घेतली, ती व्यवस्था थोर होती असे मात्र कोठेही म्हटलेले नाही.

गरिबाने देऊच नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. तसे म्हणणे म्हणजे त्याला पुन्हा घेणाऱ्याच्या रांगेत नेऊन बसविणे होय. मिझोराममधील प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये 1910 पासून घरोघरच्या स्त्रिया प्रत्येक वेळच्या स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ वेगळा काढतात आणि त्या मुठींतून चर्चचे मोठे काम चालते. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगावचा काच कारखाना उभा राहिला आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांना मुष्टिफंडाच्या धान्याने हातभार लावला. या तिन्ही ठिकाणी माप देणाऱ्याच्या मुठीचे होते. टक्केवारी कोणी विचारली नाही, आणि ज्या घरी चूल पेटली नाही त्या घरी मूठही मागितली गेली नाही.

अर्पणाच्या गुप्ततेचा मुद्दा अलीकडे निराळ्याच कारणाने पुढे आला आहे. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, ही मराठीत मुरलेली म्हण मूळची मत्तयच्या शुभवर्तमानातील. थैलीचे कापड या कामी उपयोगी होते. आत कोणी काय टाकले हे शेजाऱ्यालाही दिसत नसे. 2020 च्या टाळेबंदीत उपासनागृहे बंद झाली आणि अर्पण भ्रमणध्वनीवरून येऊ लागले. आता अनेक ठिकाणी वेदीच्या बाजूला चौकोनी ठिपक्यांचा तो कागद चिकटविलेला असतो. प्रत्येक रुपयाबरोबर देणाऱ्याचे नाव, दिवस आणि वेळ घेणाऱ्याच्या पडद्यावर उमटते. कोण किती देतो हे पाळकाला कळू लागले म्हणजे आजारपणात कोणाच्या घरी आधी जावयाचे, हा विचार त्याच्या मनात डोकावणार नाही असे कोणी सांगावे? तो पडदा पाळकाऐवजी खजिनदाराच्या हाती असावा, ही साधी खबरदारी पुष्कळ काही वाचवू शकेल. याच सोयीची चांगली बाजू अशी की, हिशेब लपविणे तिने अवघड केले आहे.

हिशेबाची जबाबदारी कायद्यानेही घातलेली आहे. 1950 चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, जो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, त्याखाली नोंदलेल्या न्यासाला हिशेब ठेवावे लागतात, ते तपासून घ्यावे लागतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला उत्तरदायी राहावे लागते. घराच्या पुढल्या खोलीत भरणाऱ्या सभेपर्यंत हा कायदा सहसा पोहोचत नाही, आणि कायद्याच्या भीतीने ठेवलेला हिशेब हा काही उपासनेचा भाग होत नाही. पौलाने बरोबर माणसे घेतली तेव्हा त्याला कोणत्याही आयुक्ताची नोटीस आली नव्हती. महिन्याच्या पहिल्या रविवारी जमा किती, भाडे किती, पाळकाचे मानधन किती आणि मंडळीतील व बाहेरील गरजूंना किती, हे चार आकडे दाराशी एका फळ्यावर लिहिणे कॅम्प पाचमधील कोणत्याही मंडळीला जमण्यासारखे आहे. त्यातील चौथा आकडा मंदीच्या महिन्यांत वाढतो की घटतो, हे ज्याचे यंत्र बंद पडले आहे तो कामगार दाराशी क्षणभर थांबून वाचू शकेल.